सही केली म्हणजे 'हो' म्हटलं का?

मागच्या अंकात अक्कलदाढेवर लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की 'केस पेपरचा फोटो काढून ठेवा'. तर त्या एका ओळीवरच एवढी पत्रं, मेल आणि व्हॉइस मेसेज आलेत की अक्कलदाढ राहिली बाजूला. म्हणून हा महिना सगळा कागदांचा. संमती, सही, केस पेपर, एक्स-रे, बिल. पत्रं थोडी छाटलीत, नावं काढलीत, दवाखान्यांची तर काढलीच आहेत कारण मला एकच बाजू कळलेली आहे.

प्रश्न : खालच्या दाढेला कीड होती, सिमेंट भरायला गेले. अर्धं तोंड बधिर, ड्रिल चालू, आणि डॉक्टर म्हणाले नसेपर्यंत गेलीय, रूट कॅनल करावं लागेल. मी 'अं अं' करेपर्यंत सुरू पण केलं. सिमेंटचे ८०० म्हणून गेलेली, बाहेर येताना ४,५०० आणि वर कॅपचे वेगळे. दाढ आता दुखत नाही, डॉक्टर स्वभावाने चांगले आहेत, मला भांडायचं नाहीये. पण हे असं चालतं का? (शिक्षिका, सांगली)

उत्तर : ताई, दोन गोष्टी वेगळ्या करूया. डॉक्टर जे म्हणाले ते खरं असू शकतं, बहुतेक असेलच. कीड वरून तिळाएवढी दिसते आणि आत उघडून बघितलं की खड्डा, हे आमच्याकडे रोजचं आहे, एक्स-रेतसुद्धा कीड असते त्यापेक्षा थोडी कमीच दिसते. कीड काढता काढता नस उघडी पडली तर साधं सिमेंट भरून तुम्हाला घरी पाठवणं म्हणजे रात्री दोन वाजता ठणक्याने उठवणं. म्हणजे ट्रीटमेंट चुकीची होती असं मी म्हणत नाही.

पण थांबता आलं असतं. हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. उघड्या नसेवर औषध ठेवून वरून ते लवंगेच्या वासाचं पांढरं टेम्पररी सिमेंट लावता येतं, खुर्ची सरळ करता येते, तोंडातला कापूस काढून तुम्हाला चूळ भरू देता येते, मास्क खाली करून, एक्स-रे समोर धरून पाच मिनिटं बोलता येतं. की बाई, इथपर्यंत गेलंय, रूट कॅनल केलं तर एवढ्या वेळा यावं लागेल, वर कॅप लागेल, सगळं मिळून एवढे पैसे, नसेला अगदी टाचणीच्या टोकाएवढंच भोक असेल आणि दाढ आधी ठणकत नसेल तर औषध लावून वाट बघायचाही एक मार्ग आहे पण तो फसू शकतो, दाढ काढून टाकणं हाही मार्ग आहे, आणि काहीच नाही केलं तर काय होईल तेही हे असं. मग तुम्ही हो म्हणा, नाहीतर नवऱ्याला फोन लावा, नाहीतर 'पगार झाल्यावर येते' म्हणा. तोंडात कापूस आणि सक्शनची नळी असताना 'अं अं' चा अर्थ हो, नाही, थांबा, दुखतंय, मान अवघडली, काहीही होतो, मी २० वर्षांहून जास्त हे 'अं' ऐकतेय आणि अजून मला खात्रीने कळत नाही.

कायद्याचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाचा १६ जानेवारी २००८ चा समीरा कोहली केसचा निकाल आहे, तो दातांचा नाही पण आम्हाला सगळ्यांना लागू पडतो. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित बाई, १९९५ साली दुर्बिणीने फक्त तपासणी करायला म्हणून भुलीखाली गेली आणि जागी झाली तेव्हा गर्भाशय आणि बीजांडकोश काढलेले होते. बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली होती. कोर्ट म्हणालं, तपासणीला दिलेला होकार हा ऑपरेशनचा होकार नाही, आणि शुद्धीवर आल्यावर बाईला स्वतःलाच विचारता आलं असतं, जिवावर बेतलेलं नव्हतं, मग आईची सही चालणार नाही. डॉक्टरांचा हेतू चांगला होता असं धरूनसुद्धा फी नाकारली आणि २५,००० नुकसानभरपाई द्यायला लावली. रक्कम बघून हसू नका, निकाल रकमेपेक्षा मोठा आहे. पेशंटला काय काय सांगितलं पाहिजे तेही त्यात स्पष्ट आहे: काय करणार, कशासाठी, फायदा काय, दुसरे पर्याय कुठले, मोठे धोके कुठले आणि नाही केलं तर काय. अगदी लाखात एखाद्याला होणारं सगळंच वाचून दाखवायला पाहिजे असं मात्र कोर्टाने म्हटलेलं नाही, आणि मला ते पटतं, नाहीतर सिमेंट भरायलासुद्धा कोणी तोंड उघडणार नाही.

आणि एक सोपा मार्ग त्याच निकालात आहे, पुढे काय लागू शकतं ते आधीच विचारून ठेवायचं. इंजेक्शनच्या आधी एक वाक्य, 'कीड खोल वाटतेय, नस उघडी पडली तर आजच रूट कॅनल सुरू करू का टेम्पररी लावून थांबू?' आणि उत्तर केस पेपरवर. तुमच्या डॉक्टरांना पुढच्या वेळी एवढंच सांगा. चांगले आहेत म्हणताय ना, ऐकतील.

प्रश्न : आई ६ महिने माझ्या बहिणीकडे न्यू जर्सीला होती. तिथे दाढ दुखली म्हणून दाखवलं, पण काढायचा खर्च ऐकून ती तशीच परत आली. तिथल्या डेंटिस्टच्या कागदावर लिहिलंय '१४ नंबर काढायला हवा'. इथे नाशिकला दाखवलं तर डॉक्टर कागद बघून म्हणाले '१४ तर ठणठणीत आहे'. आता खरं कोण? (नाशिक)

उत्तर : दोघंही! आणि तुमच्या नाशिकच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा, कारण त्यांनी कागद बघितला पण तोंडही बघितलं.

झालंय असं की अमेरिकेत दात १ पासून ३२ पर्यंत सरळ मोजतात. पेशंटच्या वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरू करायचं, वरून डावीकडे जायचं १६ पर्यंत, मग खाली डावीकडून परत उजवीकडे ३२. त्या हिशोबात १४ म्हणजे वरची डावी पहिली मोठी दाढ. आपल्याकडे, आणि जगात बऱ्याच ठिकाणी, दोन आकड्यांची पद्धत आहे. पहिला आकडा तोंडाचा कोपरा: वर उजवा १, वर डावा २, खाली डावा ३, खाली उजवा ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मागे मोजत १ ते ८. तर आपला १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ, सुळ्याच्या मागची छोटी दाढ. बाजूच बदलली! आईला विचारा कुठली दुखते, ती गालावर बोट ठेवून डावीकडेच दाखवेल बघा.

म्हणूनच आम्ही ३६ ला छत्तीस म्हणत नाही, 'तीन-सहा' म्हणतो. खालची डावी, मधून सहावी. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, दुधाची समजून लोक दुर्लक्ष करतात आणि मग सगळ्यात आधी तिलाच कीड लागते, माझ्या केस पेपरांवर सगळ्यात जास्त वेळा हाच नंबर असेल. एका आजोबांनी नंबर ऐकला आणि म्हणाले, 'म्हणजे डॉक्टरीणबाई, आमच्या दाताचा आणि आमचा छत्तीसचा आकडा.' ते अजून येतात, ३६ केव्हाच गेली.

पूर्वी आम्ही कोनाच्या आकाराची खूण काढून त्यात आकडा लिहायचो, जुन्या डॉक्टरांच्या कागदावर अजून दिसेल, हाताने लिहायला छान पण फोनवर टाइप करायला अशक्य, म्हणून आता मागे पडतेय. आणि नंबरचा घोटाळा फक्त अमेरिकेमुळे होतो असं नाही. तारा लावण्याआधी जागा करायला बऱ्याचदा चार चांगल्या उपदाढा काढतात, तारा लावणारे डॉक्टर चिठ्ठी देतात, काढणारे दुसरे असतात, आणि चिठ्ठीवर घाईत लिहिलेला ४ जर ५ सारखा दिसला तर? निरोगी दात, कीड नाही, दुखणं नाही, कुठला काढायचा हे फक्त कागद सांगतो. माझ्याकडे चिठ्ठी घेऊन कोणी आलं की मी नंबर वाचते, मग शब्दात लिहून घेते 'वरची उजवी पहिली उपदाढ', मग पेशंटच्या हातात आरसा देऊन त्या दातावर बोट ठेवते आणि त्याच्याच तोंडून वदवून घेते. मुलं हसतात. हसू देत.

जुनी एक्स-रे फिल्म असेल तर तिच्यावर एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो, अंगठा फिरवला की फुगीर लागतो. फुगीर बाजू आपल्याकडे धरून बघायची, उलटी धरली की डावं उजवं होतं. ट्यूबलाइटला धरून बघणाऱ्या सगळ्यांनी आधी तो ठिपका चाचपावा, डॉक्टरांनीसुद्धा.

प्रश्न : खालची अक्कलदाढ काढली, ९,००० रुपये. पैसे भरताना काउंटरवर इंग्लिशमधला फॉर्म पुढे केला, 'इथे इथे सही करा', केली. आता ७ आठवडे झाले, खालचा ओठ आणि हनुवटी एका बाजूला बधिर आहे, चहा ओघळला तरी कळत नाही. विचारायला गेलो तर 'तुम्ही सही केलीय, त्यात लिहिलं होतं' एवढंच. फसवलं गेलो असं वाटतं. (पिंपरी)

उत्तर : दादा, आधी ओठाचं, मग कागदाचं.

खालच्या अक्कलदाढेच्या मुळांखालून जबड्याच्या हाडात एक नळी जाते, तिच्यातली नस ओठाला आणि हनुवटीला स्पर्शाची जाणीव देते. हलवायचं काम ती करत नाही, म्हणून तुमचा ओठ हलतो पण कळत नाही. मुळं नळीला चिकटून असली तर दाढ काढताना नस दबते, ताणली जाते, आणि हे अगदी काळजीपूर्वक काढूनही होऊ शकतं. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो, थोड्यांचा राहतो. मुंग्या येतायत, टोचल्यासारखं वाटतंय असं असेल तर ते बरं होण्याचं लक्षण असतं. पण 'होईल बरं' म्हणत घरी बसू नका, ओरल सर्जनला आत्ताच दाखवा. ते कापसाने आणि टोकदार वस्तूने स्पर्श करून बधिर भागाची हद्द काढतील, तिचा फोटो तारखेसकट ठेवा आणि दर महिन्याला परत, म्हणजे भाग कमी होतोय का हे अंदाजाने बोलायला नको.

आता सही. सही म्हणजे संमती नाही, संमती आधी बोलण्यात होते आणि सही ही त्या बोलण्याची पावती असते. तुमच्याकडे पावती आहे आणि मालच मिळालेला नाही. तुमच्या बाबतीत बोलणं काय व्हायला हवं होतं? मोठा एक्स-रे दाखवून, 'ही पांढरी रेघ दिसते ना, ती नळीची भिंत, तुमच्या मुळापाशी ती तुटक दिसतेय, म्हणजे जवळीक आहे, ओठ बधिर व्हायची शक्यता आहे, हवं तर थ्री-डी स्कॅन करू, नाहीतर दाढेचं नुसतं डोकं कापून मुळं तशीच ठेवायचा पर्याय आहे, आणि दाढ त्रास देत नसेल तर न काढणं हाही.' हे मराठीत, काउंटरवर नाही, कार्ड स्वाइप करताना तर अजिबात नाही. जी भाषा वाचता येते पण समजत नाही त्या भाषेत सही घेणं याला मी संमती म्हणणार नाही, आणि सगळ्यांसाठी एकच छापील फॉर्म, मधल्या रिकाम्या जागा पेनाने भरलेल्या, यावर ग्राहक आयोगांनीही ताशेरे ओढलेत. 'काहीही झालं तरी डॉक्टर जबाबदार नाहीत' असलं वाक्य तर निष्काळजीपणा झाला असेल तिथे ढाल म्हणून उभंच राहत नाही.

पण उलटंही सांगते, म्हणजे नंतर मला शिव्या घालू नका. ओठ बधिर झाला म्हणजे डॉक्टर चुकले हे सिद्ध होत नाही. तसं म्हणायचं तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागतं. तुमची जास्त मजबूत तक्रार 'मला सांगितलंच नाही' ही आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या एका वेगळ्या निकालापासून (समीरा कोहलीचा नव्हे) पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, तक्रार साधारणपणे २ वर्षांच्या आत करायची, भरलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोगात फी नाही. राज्याच्या डेंटल कौन्सिलकडेही लेखी तक्रार करता येते. तरी त्याआधी एकदा त्या डॉक्टरांकडे जा, भांडायला नको, फॉर्मची कॉपी, ऑपरेशनच्या नोट्स आणि एक्स-रे मागा. किती वेळा पेशंटला पैसे नको असतात, कोणीतरी डोळ्यात बघून 'हे झालंय, आपण बघू' म्हणायला हवं असतं. तेवढं म्हटलं गेलं तर निम्म्या तक्रारी आयोगापर्यंत जाणारच नाहीत असं माझं मत आहे, वकील मैत्रिणीला हे मत अजिबात आवडत नाही.

प्रश्न : पुण्यात ९ वर्षांपूर्वी इम्प्लांट बसवला. आता कॅप हलतेय. त्या दवाखान्याची जागा आता दुसऱ्यांची आहे, डॉक्टर कुठे गेले माहीत नाही. इथले डॉक्टर म्हणतात कुठल्या कंपनीचा आहे सांगा, नाहीतर स्क्रू उघडता येणार नाही. माझ्याकडे फक्त बिल, त्यावर 'इम्प्लांट १' एवढंच. (कोल्हापूर)

उत्तर : इथले डॉक्टर टाळत नाहीयेत काका. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू, त्याच्यावर जोड, त्याच्यावर कॅप, आणि जोड आवळायचा जो छोटा स्क्रू असतो त्याला प्रत्येक कंपनीचा पाना वेगळा. गाडीचा नट दुसऱ्या मापाच्या पान्याने फिरवला की काय होतं ते तुम्हाला माहितीय, इथे तर तो नट हाडात रुतलेला आहे. एक्स-रे काढून स्क्रूच्या आट्यांच्या आकारावरून कंपनी ओळखायचा प्रयत्न करतात, अनुभवी माणसाला बऱ्याचदा जमतं, तर तो मार्ग आधी. बिलावर लॅबचं नाव किंवा कॅपचं वॉरंटी कार्ड घरात कुठे असेल तर तेही शोधा, लॅबकडून धागा मिळू शकतो.

बाकी सगळ्यांसाठी: इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर येतो, त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो, तसा एक तुमच्या फाईलला चिकटवून घ्या. मागा. पन्नास मिनिटं तोंड उघडं ठेवलंय तुम्ही, एक स्टिकर मागायला लाजू नका.

आता रेकॉर्डचं सर्वसाधारण, कारण यावर सगळ्यात जास्त पत्रं आहेत. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या आचारसंहितेत ट्रीटमेंट सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं रेकॉर्ड ठेवायला सांगितलंय. सुरू झाल्यापासून, संपल्यापासून नाही, म्हणजे दोन वर्षं तारा चालल्या तर त्यानंतर उरलं फक्त एक वर्ष. मी स्वतः याला फार कमी समजते, इम्प्लांटचं आणि मुलांचं रेकॉर्ड मी टाकतच नाही, कपाट भरलंय, नवरा वैतागलाय. पण नियम किमान तीनचा आहे, त्यामुळे नऊ वर्षांनी कोणाला कायद्याने धरता येईल असं नाही. कॉपी मागायचा हक्क मात्र पक्का आहे. मुंबई हायकोर्टाने १९९६ मध्येच म्हटलंय की पेशंटला त्याचे केस पेपर नाकारता येत नाहीत. मूळ कागद दवाखान्यात राहतात, कॉपीचा खर्च तुम्ही द्यायचा. तोंडी मागून मिळत नसेल तर साध्या कागदावर अर्ज करा, तारीख, ट्रीटमेंट, काय काय हवं, आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्ट. 'सर नाहीत, उद्या या' हे पोच मागितली की आपोआप थांबतं.

आणि डिजिटल एक्स-रे व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून घेऊ नका, बारीक रेघा सगळ्या पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणा. थ्री-डी स्कॅन असेल तर पूर्ण फाईल पेन ड्राइव्हवर, स्क्रीनवरून मोबाईलने काढलेला फोटो काही कामाचा नाही.

प्रश्न : मॅडम, मी पण डेंटिस्ट, तालुक्याच्या गावात एक खुर्ची, एक असिस्टंट. तुम्ही मागच्या वेळी लिहिलंत ते वाचून संमतीपत्र सुरू केलं तर पेशंट घाबरून पळतात. 'सही कशाला? काही होणारे का?' शेजारच्या दवाखान्यात विचारत नाहीत, तिकडे जातात. दिवसाला १५-२० पेशंट, हे सगळं लिहायचं कधी? (एक सहकारी)

उत्तर : माहितीय रे. आपल्याकडे सही म्हटलं की लोकांना सातबारा आठवतो.

मी काय करते सांगते, आदर्श आहे म्हणून नाही, चालतं म्हणून. फॉर्म आधी काढत नाही. आधी बोलते, आणि बोलता बोलता केस पेपरवर पेशंटच्या समोर मराठीत तीन ओळी लिहिते. 'खालची डावी पहिली दाढ. रूट कॅनल आणि कॅप सुचवलं. न केल्यास सूज येऊ शकते हे सांगितलं. दाढ काढायचा पर्याय सांगितला. नस साफ करायची बारीक सुई (फाईल) आत तुटू शकते हे सांगितलं. खर्च सांगितला.' तीनच्या सहा होतात कधीकधी. मग कागद त्यांच्याकडे फिरवते, 'मी बोलले तेच लिहिलंय ना, वाचा, आणि पटत असेल तर खाली सही.' स्वतःच्या डोळ्यासमोर लिहिलेल्या कागदाला माणूस घाबरत नाही, छापील इंग्लिशला घाबरतो. सही येत नसेल तर वाचून दाखवायचं, अंगठा, आणि सोबत आलेल्याची साक्षीदार म्हणून सही. मोठं काम असेल, अक्कलदाढ, इम्प्लांट, तर छापील मराठी फॉर्म घरी द्यायचा, दुसऱ्या दिवशी आणा म्हणायचं. ज्यांनी 'नको' म्हटलं त्यांचंही लिहायचं, उलट तेच आधी. 'कॅप सुचवली, पेशंटने नकार दिला, दाढ तुटू शकते सांगितलं.' दोन वर्षांनी दाढ उभी चिरून तोच माणूस येतो आणि म्हणतो 'तुमचं रूट कॅनल फेल गेलं', तेव्हा ती ओळ दाखवायची, आवाज न चढवता.

आता माझीच एक चूक. दवाखाना टाकून तीनेक वर्षं झाली होती. एक गृहस्थ दाढ काढायला आले, विचारलं 'काही आजार आहे का?', 'काही नाही.' लिहिलं 'आजार : नाही', दाढ काढली, पाठवलं. संध्याकाळी सातला तोंडाला टॉवेल लावून परत, टॉवेल पूर्ण लाल, सोबत सून रडतेय. टाके घातले, दाबून धरलं, थांबलं रक्त. मग सून म्हणाली सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू आहेत. मी त्यांना म्हटलं, काका बोलला का नाहीत? तर म्हणतात, 'अँजिओप्लास्टी झाली ना, मग आजार गेला की.' त्यांचं बरोबरच होतं. माझा प्रश्न चुकीचा होता. तेव्हापासून मी आजार विचारत नाही, 'रोज कुठल्या गोळ्या घेता, पिशवी दाखवा' म्हणते, आणि बायकांना पर्समधून, पुरुषांना बायकोकडून बरोबर उत्तर मिळतं. (वाचकहो, हे वाचून त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, दाढ काढायला बहुतेकदा बंद कराव्या लागतच नाहीत, डॉक्टरला माहीत असलं की तो तयारीने काढतो.)

पण सांगायचं ते पुढचं. त्या रात्री केस पेपर हातात घेतला, 'नाही' वर व्हाइटनर लावायचं आणि गोळ्यांची नावं लिहायची, दहा सेकंदांचं काम. असिस्टंट म्हणाली पण, 'मॅडम, दुरुस्त करून टाका.' बाटलीचं झाकण उघडलेलं होतं, खोटं कशाला बोलू. नाही लावलं. खाली त्या दिवसाची तारीख आणि वेळ टाकून लिहिलं, 'रक्तस्राव झाला, पेशंट या गोळ्या घेतात हे आत्ता कळलं, टाके घातले.' चुकलेलं खोडायचं असेल तर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर लावलेला कागद आयोगासमोर गेला की खरं लिहिलेलंही खोटं दिसतं, आणि कागदच नसेल तर आयोग आपल्या विरुद्ध अर्थ काढायला मोकळा. वेळेचं म्हणशील तर तीन ओळींना दीड मिनिट लागतं, मी घड्याळ लावून बघितलंय. शेजाऱ्याकडे जाणारे जातील. टॉवेलवाले काका मात्र त्यानंतर १५ वर्षं माझ्याकडेच आले.

प्रश्न : दात पांढरे करून घेतले, नंतर बघते तर दवाखान्याच्या इन्स्टा पेजवर माझा आधी-नंतरचा फोटो, पूर्ण चेहरा! ऑफिसमधल्यांनी मला दाखवला. (मुंबई)

उत्तर : ट्रीटमेंटची संमती वेगळी, फोटोची वेगळी, आणि फोटोतही फाईलसाठी वेगळी आणि जाहिरातीसाठी वेगळी. ओळख पटेल असा पेशंटचा फोटो परवानगीशिवाय छापायचा नाही हे डॉक्टरी पेशाचं जुनं तत्त्व आहे, आणि २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा जो टप्प्याटप्प्याने लागू होतोय त्यातही संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे असं आहे. लेखी कळवा, स्क्रीनशॉट जोडा, काढून टाका म्हणा. फॉर्ममध्ये बारीक अक्षरात फोटोला हो म्हटलेलं नाही ना तेही बघा, असलं तरी आता नको म्हणता येतं.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, तारा लावायच्यात. वडील मस्कतला. माझ्या एकटीची सही चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : चालेल, आई आहात. १८ पूर्ण होईपर्यंत पालकांची सही घेतात, दोघांचीच पाहिजे असं नाही. पण सही तुमची असली तरी दीड-दोन वर्षं तारा त्याच्या तोंडात असणार आहेत, रबर तो बदलणार, त्या काढल्यावर रात्री रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी) घालायचा कंटाळा तोच करणार आणि दात परत सरकणार, तेव्हा बोलणं त्याच्याशी होऊ द्या आणि तुम्ही मध्ये उत्तरं देऊ नका. बारावीनंतर शिकायला बाहेर जाणार असेल तर आजच विचारून ठेवा की सुरुवातीचे साचे, एक्स-रे आणि फोटो पुढच्या डॉक्टरला मिळतील ना. अर्धवट तारांचा मुलगा आणि आधीचं काहीच रेकॉर्ड नाही, असे पेशंट घ्यायला कोणी उत्साहाने तयार होत नाही.

प्रश्न : वडिलांचे जुने दातांचे एक्स-रे तपकिरी पडत चाललेत. लॅमिनेट करून ठेवू का? (औरंगाबादहून एक वाचक)

उत्तर : नको नको, गरम लॅमिनेशनमध्ये फिल्म जाते. तपकिरी पडतायत कारण तेव्हा फिल्म नीट धुतली नव्हती, औषध त्यातच राहिलंय, आता ते थांबणार नाही. मोबाईलची स्क्रीन पूर्ण पांढरी करून त्यावर फिल्म ठेवा, ठिपक्याची फुगीर बाजू वर, आणि दुसऱ्या मोबाईलने फोटो काढा. फाईलच्या नावात दात आणि वर्ष लिहा.